पीआर देणारं गाव आणि पीआर अडवणारा मालक

"मॅडम, कुठल्या गावात गेलं की पीआर लवकर मिळते?" कॅनडात स्थलांतर सल्लागार म्हणून काम करताना हल्ली दिवसाची सुरुवात बहुधा याच फोनने होते. पीआर म्हणजे कायम रहिवास. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या तळघरात चौघांत मिळून राहणाऱ्या पोरांना थंडर बे, सडबरी, ब्रँडन, मूस जॉ ही नावं तोंडपाठ झाली आहेत. यवतमाळच्या मुलाला मूस जॉ कुठे आहे हे ठाऊक असावं, ही सरकारी योजनेचीच करामत!

एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या नेहमीच्या मार्गात गुणांची चढाओढ असते. मार्च 2025 पासून तिथे नोकरीच्या ऑफरचे गुणही गेले, आणि सर्वसाधारण कॅनडा-अनुभवाच्या फेऱ्यांत पाचशेच्या खाली डाळ शिजेना. दुसरीकडे लहान गावांची तरुण मुलं शहरांकडे निघून गेलेली. वृद्धाश्रमात सेविका नाही, हॉटेलात आचारी नाही, ट्रकवर ड्रायव्हर नाही. म्हणून 2019 मध्ये 11 ठिकाणी ग्रामीण व उत्तर भागासाठी प्रायोगिक योजना निघाली. तिच्या जागी जानेवारी 2025 मध्ये 'रुरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट' आली, 14 ठिकाणांसाठी. त्यांत लाखावर वस्तीचं थंडर बे आहे, तसंच मॅनिटोबातलं आल्टोनाही, जेमतेम चार हजार वस्तीचं.

या योजनेत पहिली चाळणी राजधानी ओटावात लागत नाही, गावात लागते. गावची आर्थिक विकास संस्था किंवा व्यापारी मंडळ आपल्याला कोणती माणसं हवीत ते ठरवतं, मालकांना मान्यता देतं आणि उमेदवाराची शिफारस करतं. ती शिफारस हाती आल्यावरच पीआरचा अर्ज. बाकीच्या अटी आवाक्यातल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत 1,560 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. त्याच गावात शिकलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळू शकते. आचाऱ्याला इंग्रजीच्या आयईएल्टीएस जनरल परीक्षेत वाचनात 4 आणि ऐकणं, लिहिणं, बोलण्यात 5 गुण पुरतात. मात्र गावांचा कोटा लहान असतो. 2025 मध्ये काही ठिकाणी तो वर्ष सरायच्या आत संपला आणि त्याच भरवशावर शहर सोडून गेलेली मुलं तिथेच अडकली.

माझा निम्मा वेळ ऑफर लेटर वाचण्यात जातो. सातारा जिल्ह्यातला एक मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. त्याचं पत्र मी चारदा वाचलं. हुद्दा आचाऱ्याचा, पगार ठीक, लेटरहेड छान. पण तासांच्या ओळीत लिहिलेलं, 'आठवड्याला तीस तासांपर्यंत'. नियम म्हणतो, किमान तीस तास, बारमाही आणि कायम नोकरी. 'पर्यंत' म्हणजे मालक वीस तासही देऊ शकतो. मग पगाराच्या पावत्या मागवल्या. दोन पंधरवड्यांत तास कमी भरलेले होते. मालकाकडून पत्र बदलून घ्यायला त्याला महिना लागला, कारण रोज ज्याच्या हाताखाली राबायचं त्याच्याकडे कागद मागायला जीभ उचलत नव्हती.

माझी खरी तक्रार इथेच आहे. पीआर हातात पडेपर्यंत ती ऑफर जिवंत राहावी लागते. मधल्या काळासाठी मिळणारं वर्क परमिटही त्याच मालकाशी बांधलेलं. नोकरी गेली की शिफारशीचा आधारच जातो. त्यामुळे जादा तासांचे पैसे बुडाले, सुटी नाकारली, तरी माणूस गप्प बसतो. खरंच छळ होत असेल तर 2019 पासून अशा कामगारांसाठी खुलं वर्क परमिट आहे, त्याला फीसुद्धा नाही. पण ते मिळालं तरी पीआरची फाइल टिकत नाही, म्हणून फार थोडे तिकडे वळतात. शिफारस मालकाऐवजी कामाच्या क्षेत्राला जोडली, म्हणजे त्याच गावातल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त मालकाकडे फाइलसकट जाता आलं, तर अर्धं दुखणं बरं होईल.

'पीआर मिळाली की पोरं टोरांटोला पळतात' अशी गावकऱ्यांची कुरकुर असते. अर्ज करताना त्या गावात राहण्याचा इरादा असावाच लागतो, आणि तो खोटा असेल तर मी फाइल घेत नाही. पण एकदा कायम रहिवासी झाला की देशात कुठेही राहण्याचा हक्क त्याला कॅनडाची राज्यघटनाच देते. माणसं टिकवायची तर भाड्याची घरं, पाळणाघर आणि उणे तीस अंशांतही वेळेवर येणारी बस लागते. ते गावानेच बघायचं.

महाराष्ट्रातल्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती. अमुक लाखांत ऑफर लेटरसकट पीआर असं कोणी सांगितलं, तर एक रुपयाही देऊ नका. नोकरीची ऑफर विकणं बेकायदा आहे आणि खोटी कागदपत्रं सापडली तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. सल्लागाराचा परवाना क्रमांक मागा आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या यादीत तो स्वतः तपासा. ती यादी सर्वांना खुली आहे आणि फुकट आहे. माझा क्रमांकही तिथेच तपासा.