हात आधी, यंत्र नंतर

दर शनिवारी सकाळी आमच्या मागील अंगणात विजेवर चालणाऱ्या साखळी-करवतीचा आवाज सुरू होतो. गावात या यंत्राला सारे ‘कटर’ म्हणतात. ते चालवणारा मी आहे, आणि मला दिसत नाही. हे वाचून तुमच्या मनात जो धसका उभा राहिला असेल, तो मला अपरिचित नाही; माझ्या घरात तो दीर्घकाळ मुक्कामाला होता. त्या धसक्याविषयीच आज तुमच्याशी बोलायचे आहे. तो खोटा नव्हता. मात्र त्याचे करायचे काय, हे उमगायला आम्हाला बराच काळ लागला.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकाराने माझी दृष्टी गेली. या विकारात बहुधा प्रथम रात्रीचे दिसेनासे होते. मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडेने आक्रसत जाते आणि माणूस जणू नळीतून जग पाहू लागतो. पस्तिशीत मी सायकल सोडली, चाळिशीनंतर पांढरी काठी हाती घेतली, आणि पन्नाशीला उजेड व काळोख एवढाच भेद उरला. ब्रेल लिपी आणि वाचून दाखवणारा संगणक यांच्या आधाराने शाळेतील नोकरी मी शेवटपर्यंत निभावली. घरात मात्र एकेक काम हातातून निसटत गेले. ती कामे कोणी हिसकावली नाहीत. “अहो, राहू द्या, मी करते,” एवढेच पत्नी म्हणे; आणि आधी कोयता, मग शिडी, मग विहिरीचा रहाट माझ्यापासून दूर झाला. प्रेमाने काढून घेतलेली वस्तू परत मागणे फार अवघड असते.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा या भागातून गेला. श्रीवर्धनचा रोठा सुपारीसाठी प्रसिद्ध. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. ती झाडे एका दुपारी आडवी झाली. मी ते पाहिले नाही, ऐकले. नंतरचे कित्येक दिवस वीज नव्हती. पुतण्या आणि गावातील तरुण पेट्रोलचे कटर घेऊन वाटा मोकळ्या करत होते. मी पडवीत बसून होतो. कोणी पाणी मागितले, तर तेही दुसराच कोणी नेऊन देई. दृष्टी जाऊन वर्षे लोटली होती. पण निरुपयोगी असल्याचे दुःख त्या आठवड्यात मला प्रथमच इतके तीव्रपणे झाले.

पावसाळा सरला, तेव्हा परसात फणसाच्या आणि आंब्याच्या ओंडक्यांचा ढीग उरला होता. बंबाच्या जळणासाठी ते तोडायला माणूस मिळत नव्हता. गावातील वयोवृद्ध सुतार, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते एकदा सहज आले. मी संकोचत विचारले, “दादा, हे मला जमेल का?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “भाऊ, करवत धरायला डोळे लागत नाहीत. लाकूड हलता कामा नये, एवढं आधी शिका.”

त्यांनी मला लाकडाची भक्कम घोडी करून दिली आणि सहा महिने केवळ हातकरवत वापरायला लावली. हा काळ मी वाया गेलेला मानत नाही. करवत लाकडात शिरताना, गाठ लागताना आणि अखेरचा पदर सुटताना हाताला काय कळते, हे त्या महिन्यांत मी शिकलो. यांत्रिक करवत त्यानंतर आली. पहिले काही आठवडे दादा माझ्या शेजारी उभे असत.

पेट्रोलवर चालणारे यंत्र मी मुद्दामच घेतले नाही. त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. डोळस माणसाला कान हे एक इंद्रिय आहे. मला ते रस्ता ओलांडायचे, माणसे ओळखायचे, दिशा राखायचे साधन आहे. त्याच्या कंपनाचा प्रश्नही आहे. दीर्घकाळ कंपन सोसल्याने बोटांतील रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात. ज्याची बोटे ब्रेल वाचतात, त्याने ती बधिर होऊ देणे म्हणजे दुसऱ्यांदा दृष्टी गमावणे होय. विजेच्या यंत्रात आवाज आणि कंपन पुष्कळ कमी असते. तरीही मी कानांवर संरक्षक आवरण लावतो आणि एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक काम करत नाही.

येथे तुम्ही विचाराल की, कानही झाकले तर उरले काय? हाच या कामाचा गाभा आहे. जे पाहायचे ते सारे यंत्र बंद असताना, हातांनी पाहून घ्यायचे. यंत्र सुरू झाल्यावर काहीही शोधायचे नाही, चाचपायचे नाही, अंदाज घ्यायचा नाही. हातांचे काम आधी, यंत्राचे नंतर. ही दोन कामे एकाच वेळी कधीही होता कामा नयेत.

माझा क्रम असा असतो. प्रथम पायांखालची जागा झाडून घेतो. घोडीपाशी जमिनीत एक फळी बसवली आहे. तिला पाऊल टेकले की, मी कोठे उभा आहे हे निश्चित होते. मग एकच ओंडका घोडीवर ठेवून पट्ट्याने आवळतो आणि हलवून पाहतो. त्याच्यावरून तळहात फिरवतो, कारण वाडीतल्या झाडांत जुने खिळे आणि कपडे वाळवण्याच्या तारा रुतलेल्या असतात. कापायचे टोक घोडीच्या उजवीकडे बाहेर राहील असे ठेवतो, म्हणजे तुकडा खाली पडताना फट उघडत जाते आणि पाते अडकत नाही. दोन्ही टोकांना आधार असलेले लाकूड वरून कापले, तर ते मध्ये दबून पात्याला चिमटीत धरते. छेदाची जागा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने खुणावतो आणि तिच्यापासून बोटभर बाहेर कापतो.

त्यानंतर करवत. वायर बोर्डापासून सुटलेली आहे, हे स्वतः हात लावून पाहतो. हातमोजे घालून साखळीचा ताण तपासतो. ती पात्याला बिलगलेली असावी, तरीही हाताने ओढता यावी. तेल पाहतो. पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे लोटली की साखळीचा ब्रेक लागतो. तो लागतो-सुटतो याची खात्री करतो. वायर उजव्या खांद्यावरून मागे सोडतो, म्हणजे ती पात्याच्या वाटेत येत नाही. बोर्डाला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवले आहे. पावसात वा ओल्या जमिनीवर यंत्र बाहेर काढायचेच नाही.

कापताना दोन्ही हात मुठींवरच असतात, डाव्या हाताचा अंगठा मुठीभोवती वळलेला असतो, आणि शरीर पात्याच्या रेषेच्या डावीकडे असते. कारण सांगतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला, तर साखळी तेथे अडखळते आणि सारे पाते निमिषार्धात चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते. हा झटका डोळसालाही दिसून टाळता येत नाही. तो होण्याइतका वेळच देत नाही. म्हणून टोकाने कधीच कापायचे नाही. मोटारीलगतचे दाते लाकडाला टेकवून तेथूनच कापायचे, आणि पात्याच्या टोकापुढे दुसरे लाकूड राहू द्यायचे नाही. डोक्यावर शिरस्त्राण, तोंडासमोर जाळी, पायांत पोलादी टोकाचे बूट आणि मांड्यांवर संरक्षक वस्त्र असते. ‘तुम्हाला डोळ्यांवर जाळी कशाला?’ असे एकाने विचारले होते. दिसत नाही म्हणून डोळ्याला इजा होत नाही, असे थोडेच आहे! मात्र संरक्षक वस्त्रांवर फार विसंबू नये. त्यांतील धागे साखळीत गुंतून तिला थांबवतात खरे, पण विजेच्या करवतीचा जोर त्यांना नेहमीच आवरता येतो असे नाही.

एवढे जाणूनही एकदा माझ्याकडून चूक झाली. तिसऱ्या महिन्यातील गोष्ट. बटण सोडले, तुकडा पडल्याचे पायांना जाणवले, आणि छेद सरळ आला का हे पाहण्यासाठी मी डावा हात पुढे नेला. बटण सोडल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते. कान झाकलेले असल्याने ते मला ऐकू आले नाही. हातमोजाचे टोक फाटले, बोट वाचले. मोजा मी लपवला. पण पत्नीच्या हाती तो लागलाच. ती रागावली नाही. तिने करवत कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली आणि दोन महिने त्या विषयावर एक शब्दही बोलली नाही.

त्या दोन महिन्यांत मला लुई ब्रेलची आठवण वारंवार होई. वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या जागी तीन वर्षांच्या या मुलाच्या डोळ्याला टोकदार अवजार लागले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्याच मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, टोकदार अवजारानेच कागदावर ठिपके उमटवून आपली लिपी सिद्ध केली. मुलांना ही गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या घरातल्या आईचा विचार कधी केला नव्हता. मुलाच्या हाती पुन्हा अवजार आले, तेव्हा तिला काय वाटले असेल? पत्नीचा धसका मला त्या प्रश्नातून प्रथमच समजला. मी तिच्यापाशी गेलो आणि लपवल्याबद्दल क्षमा मागितली.

तोडगा तिनेच काढला. “मी पडवीत बोर्डाच्या बटणापाशी बसेन,” ती म्हणाली. “मला भीती वाटली की बंद करणार. तुम्हाला विचारणार नाही, आणि तुम्हीही चिडायचं नाही.” मी मान्य केले. माझ्या कानांवर आवरण असते, त्यामुळे हाक ऐकू येत नाही. मागून कोणी खांद्याला हात लावणे तर अत्यंत धोक्याचे. बटण बंद झाले की यंत्र आपोआप मुके होते, हीच तिची हाक. त्यानंतर मी दोन्ही हात मुठींवर तसेच ठेवून सावकाश दहा आकडे मोजतो, ब्रेक लावतो, करवत खाली ठेवतो. तिने वायर काढून माझ्या हातात दिली, तरच मोजा लाकडाकडे जातो. आजवर तिने चार-पाच वेळा बटण बंद केले आहे. एकदा शेजारचा लहान मुलगा चेंडूमागे थेट अंगणात धावत आला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी तिचा धसका आम्हा सर्वांच्या कामी आला.

काही कामे मी करत नाही, आणि त्यांची मला खंत नाही. उभे झाड पाडत नाही. वादळात वाकून ताणाखाली अडकलेल्या फांदीला हात लावत नाही. ती सुटताना अनुभवी माणसालाही जायबंदी करते. शिडीवर वा खांद्याच्या वर करवत नेत नाही. घरी कोणी नसेल, ताप असेल, झोप अपुरी झाली असेल, तर शनिवार तसाच जातो. लाकडाला घाई नसते.

तुमच्या घरी अंध वा दृष्टी मंदावलेली व्यक्ती असेल, तर हे वाचून लगेच करवत आणू नका, अशी विनंती आहे. मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांच्या हातापायांची संवेदनाही पुष्कळदा कमी झालेली असते; ज्या हातांवर माझी सारी भिस्त आहे, ते हातच त्यांना नीट वार्ता देत नाहीत. फेफरे, चक्कर, तोल जाणे, रक्त पातळ करणारी औषधे, यांपैकी काही असेल तर हे काम वर्ज्य समजावे. इतरांनीही डॉक्टरांशी बोलून, जाणत्या कारागिराच्या हाताखाली, हातकरवतीपासूनच आरंभ करावा.

पण करवत नसेना का, तुम्ही त्यांच्या हातून कोणते काम काढून घेतले आहे, याचा एकदा विचार करा. ती विळी असेल, गॅसची शेगडी असेल, इस्त्री असेल. काम काढून घेण्याआधी, त्याची मांडणी बदलून पाहता येईल का, आणि त्या मांडणीत तुमच्या भीतीला एखादी उपयोगाची जागा देता येईल का, हे दोघांनी मिळून ठरवा.

काल पहाटे बंब पेटला, तेव्हा आतून पत्नीचा आवाज आला, “फणसाचं जळण छान धरतंय हो.” मी काही बोललो नाही. पडवीत बसून त्या धुराचा वास घेत राहिलो.