उटी की कोडाईकनाल?

सहल ठरविताना मी कागदावर दोन रकाने आखले. एकाच्या डोक्यावर उटी, दुसऱ्याच्या कोडाईकनाल. छत्तीस वर्षे बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात गेली; ती सवय सहजी सुटत नाही. दोन्ही गावे तामिळनाडूतील, दोन्ही सुमारे सात हजार फूट उंचीवर आणि दोन्हीकडचे तलाव इंग्रज कलेक्टरांनी करविलेले. उटीचा १८२० च्या दशकात जॉन सुलिव्हन यांनी, कोडाईचा १८६३ साली व्हिअर लेव्हिंज यांनी. हवा सारखी, खर्चही जवळपास सारखाच.

खरे सांगायचे तर ते रकाने केवळ देखावा होते. मनाने मी उटी केव्हाच मंजूर केली होती. कारण तेथे माझी एक जुनी थकबाकी होती.

१९८७ च्या मे महिन्यात प्रवास सवलत घेऊन आम्ही प्रथमच उटीला गेलो. सौ. आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर होता. म्हैसूरमार्गे बसने वर जायचे आणि उतरताना मेट्टुपालयमपर्यंत निलगिरीच्या डोंगरी गाडीने यायचे, असा बेत होता. दुसऱ्याच दिवशी शाखेतून तार आली: तपासणी सुरू झाली आहे, त्वरित परत या. ती संध्याकाळ मी ट्रंक कॉल लागण्याची वाट पाहत टपाल कचेरीत बसून काढली. सकाळी सामान बांधले. तपासणीत आक्षेपार्ह काहीच निघाले नाही. मी नसतो तरी चालले असते, हे मला पुढे कळले. सौ. ने त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. मुलगा मात्र कित्येक महिने ‘झुकझुक गाडी कधी?’ असे विचारत असे.

त्यामुळे उटीच्या रकान्यात मी जमेच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिले: डोंगरी गाडी, ४६ किलोमीटर. १९०८ साली ती उटीपर्यंत पोहोचली, २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकून गाडी वर चढते. कोडाईच्या रकान्यात लिहिले: तलावाभोवती सपाट रस्ता, सुमारे ५ किलोमीटर. नावेच्या बाजूला: बाकी विशेष नाही.

सौ. ने चष्मा लावून कागद वाचला. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. सपाटीवर भरपूर चाला, पायऱ्या टाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“अहो, त्या गाडीत बसायचं तुम्हाला होतं,” ती म्हणाली. “मला तलावाभोवती चालायचं होतं. तुम्ही फोनसाठी बसला होतात, तेव्हा मी बाळाला कडेवर घेऊन थोडी गेले आणि अंधार पडला म्हणून परत फिरले.”

पस्तीस वर्षांहून अधिक काळ मी चुकीच्या खात्यावर व्याज मोजत होतो!

मग उटीलाच जाऊन तिथल्या तलावाभोवती का चालू नये, असे मी विचारले. पण उटीचा तलाव आता पूर्वीएवढा राहिलेला नाही. त्याचा बराच भाग बुजवून तेथे बसस्थानक आणि शर्यतीचे मैदान झाले. उरलेल्या काठावर बोटहाउस, तिकीट, दुकाने यांची गर्दी. निवांत, सलग फेरी घालावी तर कोडाईलाच. कागद मी घडी घालून ठेवला.

फेब्रुवारीत गेलो. उन्हाळी सुटीची झुंबड टळली. (२०२४ पासून न्यायालयाच्या आदेशाने दोन्ही गावांसाठी ई-पासची व्यवस्था आली आहे, मोटारीने जाणाऱ्यांनी त्याची आधी चौकशी करावी.) बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने कोडाईकनाल रोड स्थानक गाठले, तेथून वर गावापर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा घाट. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असल्याने चालण्यासाठी सकाळच ठरविली.

कोडाईचा तलाव ताऱ्याच्या आकाराचा आहे. नकाशावर ही गंमत वाटते; पायांना तिचा अर्थ वेगळा कळतो. समोर बोटहाउस अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, पण रस्ता तलावाच्या एकेका फाट्याला वळसा घालीत जातो आणि बोटहाउस पुन्हा दूर सरते. पहिल्या दिवशी आम्ही निम्म्यातून रिक्त हस्ताने परतलो. दोष गुडघ्याचा नव्हता. धाप मला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सौ. ने वेग ठरविला. भाड्याच्या सायकली शेजारून जात होत्या, घोडेवाले विचारून पुढे जात होते, पाण्यावर धुके होते. दर वळणावर ती थांबे; गुडघ्यासाठी असे मी समजलो, पण ती माझ्याकडे पाहत असे. फेरी पुरी झाली तेव्हा मी घड्याळ पाहिले: एक तास पन्नास मिनिटे. आकडा सांगितला, तर तिने ऐकलाच नाही. ती रस्त्याच्या कडेला वाफाळणाऱ्या चहाच्या गाड्याकडे निघाली होती.

चहा पिताना म्हणाली, “पुढच्या वर्षी तुमची गाडी.”