दिव्याचा डोळा

संध्याकाळी अंगणातला दिवा कोण लावतं? तुम्ही म्हणाल, आई नाहीतर बाबा. पण आमच्या जऊळक्याच्या घरी तो आपला आपणच लागतो, आणि उजाडलं की आपला आपणच विझतो!

याला कारण माझी आई. गोठा घरामागे. रात्री गाय हंबरली की आई उठणारच. एका पावसाळ्यात गोठ्याच्या दारातच साप होता. चांदणं होतं म्हणून दिसला! मी म्हटलं, "आई, आधी बटन दाबत जा ना." ती म्हणाली, "अरे, बटन भेटेपर्यंत अंधारातच चालावं लागते न!"

खरंच होतं तिचं. दिवा रात्रभर हवा. पण सकाळी बंद करायचा राहिला तर? ९ वॉटचा एलईडी दिवा रोज १२ तास उगाच जळला, तर महिन्याला सव्वातीन युनिट वीज वाया जाते. जुना ६० वॉटचा बल्ब असेल तर साडेएकवीस युनिट! गणित करून पाहा बरं.

मग वायरमनकाकांनी एक डबी आणली. तिच्यात कॅडमियम सल्फाइडचा इवलासा डोळा असतो. त्यावर उजेड पडला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, अंधार पडला की खूप वाढतो. हा बदल ओळखून आतला स्विच 'टक्' करतो आणि दिवा लागतो. उजेडाने असा विरोध बदलतो, हे १८७३ साली विलोबी स्मिथ यांनी जगापुढे मांडलं. समुद्राखालच्या तारांच्या तपासणीसाठी ते सेलेनियमच्या कांड्या वापरत होते, तेव्हा ही गंमत लक्षात आली.

डबीला तीन वायरी. एक फेजची, एक न्यूट्रलची आणि तिसरी दिव्याकडे जाणारी. काकांनी आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, मगच वायरींना हात लावला. डबी त्यांनी दिव्यापासून लांब, आभाळ दिसेल अशी बसवली. जवळ बसवली तर काय होईल? दिवा लागला की डोळ्याला वाटेल, दिवस उगवला! तो दिवा विझवेल. पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. रात्रभर नुसती उघडझाप!

आता आई निर्धास्त गोठ्यात जाते. तुमच्या घरी अशी अंधारी जागा कोणती, ते आज आजी-आजोबांना विचारा. आणि हो, वायरीचं काम मोठ्यांचंच. आपण लांबून पाहायचं, आणि प्रश्न मात्र भरपूर विचारायचे!