लावणीतला ताप

आषाढातला ताप मी दारातूनच ओळखतो, असं कामशेतला बसून तीस वर्षं सांगत आलो. गेल्या पावसाळ्यात नाणे मावळातली एक सून लावणी अर्धी टाकून, सांधे धरून आली. नाक काळवंडलेलं. चिकनगुनियात ते होतंच, म्हणून नाव सांगून मोकळा झालो. शिकायला आलेली नवी डॉक्टर हळूच म्हणाली, "सर, लघवी बघू या?"

प्रथिनं निघाली. भरपूर.

म्हणजे चिकनगुनिया नव्हे, बहुधा ल्युपस; शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. या दोन तापांचा घोळ मला आजही सुटलेला नाही. विषाणू शिरला की पेशी हाळी देतात, शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ साली या हाळीला इंटरफेरॉन म्हटलं. ताप, अंगदुखी, घटलेल्या पांढऱ्या पेशी ही तिचीच करणी. ल्युपसमध्ये विषाणू नसतो. स्वतःच्याच पेशींचा डीएनए-आरएनए प्रतिपिंडांना चिकटून पुन्हा आत शिरतो आणि हाळी थांबतच नाही. आवाज मात्र तोच! जिवाणूंचा ताप रक्तातल्या सीआरपीवरून वेगळा काढता येतो; इथे दोन्हीकडे तो बहुधा खालीच. इंटरफेरॉन मोजायची सोय आमच्याकडे नाही. उरते गालावरची लाली, नाकालगतच्या घडीत न उतरणारी. चिखलात राबून रापलेल्या गालावर ती शोधून दाखवा.

बाजारपेठेतले काही मित्र संध्याकाळपर्यंत ताप उतरवणारी सुई देतात. स्टेरॉइडच ते. दोन्ही ताप गप्प, डॉक्टरचं नाव मोठं. तपासण्यांचे पॅकेजवाले तर गुडघेदुखीलाही ल्युपससाठीचा एएनए काढतात; धडधाकट माणसातही तो कधी पॉझिटिव्ह येतो, आणि घरादाराची झोप उडते.

ल्युपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मी वर्षानुवर्षं लिहिली. ती पेशीच्या आत या हाळीचाच गळा धरते, हे फार उशिरा वाचलं. २०२१ साली अमेरिकेत मान्य झालेलं अनिफ्रोलुमॅब ऐकणाऱ्या पेशीचा कानच बंद करतं. मग काहींना नागीण उठते. विषाणूची हाळीही त्याच कानानं ऐकायची असते ना.

त्या सुनेला पुण्याला चिठ्ठी दिली. 'तपासणीत ल्युपसचा संशय, लघवीत प्रथिने.' संशय आधी, लघवी नंतर, असा क्रम मी सांगितला. टाइप त्या नव्या डॉक्टरनंच केलं. त्या ओळीवर बोटं क्षणभर थांबली, मग सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.