आवळून न थांबणारी गळती

होज पाईप नवा, ब्रेक ऑइल नवं, तरी चाकाच्या आतल्या बाजूला ओल. शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यावरच्या पिकअपची कामं करणाऱ्या मिस्त्रीला ही तक्रार नवी नाही. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम तोंडावर येतो, कांद्याच्या खेपा सुरू होतात, आणि शहाणा गाडीवाला त्याआधी होज बदलून घेतो. बरोबरच करतो. रबर बाहेरून तडकलेलं डोळ्याला दिसतं. आतून फुगलं की पेडल सोडल्यावरही ऑइल मागे फिरत नाही आणि चाक धरून बसतं.

पण होज बदलताना त्याला जोडलेल्या जुन्या लोखंडी पाइपाचा नट उघडावा लागतो, आणि बहुतेक वेळा गळती तिथेच लागते.

“मिस्त्री, अजून जरा आवळा ना,” असं म्हणत चालक शेजारी उभा असतो. त्याला मी आधी समजावतो, की या जोडात आटे ऑइल अडवत नाहीत. आटे फक्त दाबून धरतात. ऑइल अडवतं ते पाइपाचं फुलवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, होजमधल्या सीटवर घट्ट बसल्यामुळे. म्हणून टेफलॉन टेप गुंडाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नळाला चालणारी टेप इथे काही रोखत नाही, उलट तिचे तुकडे ऑइलच्या वाटेत अडकतात. कारच्या टायरमध्ये 30-35 पौंड हवा असते; ब्रेक जोरात दाबला की या पाइपात दाब 1000 पौंडांच्याही वर जातो.

थेंब पडतो तिथेच गळती असते असंही नाही. ऑइल उताराने येतं. जोड पुसून कोरडाठाक करायचा, पेडलवर एकाला बसवायचं, पेडल दाबून धरायला सांगायचं आणि बॅटरी मारून बघत राहायचं. ओल नट आणि पाईप यांच्या फटीतून किंवा आट्यांतून उमटली, तर फ्लेअर बसलेला नाही. कॅलिपरकडच्या बँजो बोल्टाशी उमटली, तर तांब्याचे वॉशर. ते एकदा दाबले गेले की पुन्हा वापरायचे नसतात, दोन्ही नवे घालावेत. होजच्या दाबलेल्या टोपीतून आली, तर होज परत करावा.

फ्लेअर बसत नसेल तर नट पूर्ण सैल करून होज ब्रॅकेटमधून मोकळा करतो. पाईप तिरका शिरत असेल तर जगातला कुठलाही पाना तो सरळ करणार नाही. नट आधी बोटांनी चालला पाहिजे. मग फ्लेअर नटाच्याच पान्याने आवळायचा, थोडा सैल करून पुन्हा आवळायचा. जुनं टोक नव्या सीटवर जागा धरतं. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, आणि गंजलेला नट पाइपालाच पीळ देतो.

तरीही ओल आलीच, तर टोक उजेडात धरून पाहावं. 4.75 मिलिमीटरच्या या पाइपाला दोन तऱ्हांचे फ्लेअर येतात: एक दुहेरी दुमडलेला, आतून नरसाळ्यासारखा, दुसरा फुगीर, गोल. एकाची सीट दुसऱ्याला चालत नाही, पण नटाचे आटे जुळले की चूक झाकली जाते आणि माणूस आवळत सुटतो. अशा वेळी जुन्याशी ताडून योग्य होज आणावा. टोकाला चीर असेल तर पाईपच नवा. तो कटरने कापायचा, आतली कड साफ करायची, आणि फुलवण्याआधी नट ओवायचा. फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाईप चटकन वाकतो, सहज फुलतो, म्हणून काही जण तोच लावतात. हादऱ्यांनी तो कडक होतो आणि तडकतो. माल भरलेल्या गाडीला तो लावणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

यानंतर एअर काढायची, इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबायचं, प्रत्येक जोडावर बोट फिरवायचं. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवावं, नाहीतर रंग सोलतो. आणि ड्रमच्या शूजवर ऑइल मुरलं असेल तर ते जाळून, घासून परत बसवू नयेत. एकाच बाजूचे भिजले असले तरी त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे शूज बदलावेत. नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.