खार, पिंजरा आणि एक्झॉस्ट फॅन

फेब्रुवारीत आमचं इंटरनेट तिसऱ्यांदा बंद पडलं. पहिल्या दोन वेळा केबलवाल्या पोराने वायर जोडून दिली, "उंदीर असतील मॅडम" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. तिसऱ्या वेळी तो गच्चीवरून हसत खाली आला. हातात वीतभर वायर, वरचं काळं आवरण सोलून काढलेलं. "उंदीर नाही मॅडम, खार आहे. मी वर गेलो तेव्हा टाकीवर बसून माझ्याकडेच बघत होती."

जुळे सोलापुरात घर बांधून आम्हाला अकरा वर्षं झाली. पुढे चार हात अंगण आहे, त्यात एक डाळिंब आणि एक पेरू. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे काकूंचा कडुलिंब. त्याच्या दोन फांद्या आमच्या गच्चीवर अशा टेकल्या होत्या की खारींना जिना बांधून द्यायची गरजच उरली नव्हती. पेरू पिकला की अर्धा त्यांचा. डाळिंब फुटायच्या आत एका बाजूने भोक पडलेलं आणि आतून पोकळ. मागच्या उन्हाळ्यात अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ईदसाठी केलेल्या शेवया गच्चीवर खाटेवर वाळत घातल्या, तर दुपारपर्यंत खाटेवर शेवयांचा नुसता चुरा उरला होता. हे सगळं मी सोसलं. इंटरनेट मात्र सोसवेना, कारण शाळेचे निकाल, हजेरी, सगळी माहिती आता ऑनलाइन भरायची असते, आणि मुख्याध्यापकांना "खारीने वायर खाल्ली" हे कारण तिसऱ्यांदा कसं सांगणार?

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी सहावीला इक्बालांची डोंगर आणि खारीची नज्म वाचून दाखवत होते. पुस्तकात असो नसो, मी ती दरवर्षी घेते. मूळ कल्पना अमेरिकेतल्या इमर्सनची. इक्बालांनी ती मुलांसाठी उर्दूत आणली आणि 1924 च्या 'बांग-ए-दरा'मध्ये ती आहे. डोंगर आपल्या उंचीचा तोरा मिरवतो आणि खार त्याला एवढीशी सुपारी फोडून दाखव म्हणते. जगात कुणीच बिनकामाचं नाही, हे मी फळ्याजवळ उभी राहून मोठ्या तळमळीने समजावत होते. मागच्या बाकावरचा एक नग हळूच म्हणाला, "टीचर, पहाड़ के घर में वायफाय नहीं था ना." माझ्या घरची खबर वर्गापर्यंत पोचली होती. त्याच शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलीचं काम.

मराठीच्या तासाला हीच गिलहरी खारूताई होते. सेतू बांधताना वाळू वाहणारी, पाठीवर रामाची बोटं उमटलेली. उंदराला कुणी ताई म्हणत नाही. खरं तर दोघंही कुरतडणारेच. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवत राहावेच लागतात. वायर, प्लास्टिकचा पाइप, दाराची कड, जे सापडेल ते. आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन खारी दिसतात. आमच्याकडची कुठली ते सांगता येत नाही, मोजून होईपर्यंत ती थांबत नाही.

उपाय सगळे केले. लोक सांगतात ते सगळे. मिरचीपूड टाकली, ती पहिल्या वाऱ्याने आमच्याच डोळ्यांत गेली. डांबरगोळ्या ठेवल्या, त्यांचा वास खारींपेक्षा अम्मींना जास्त लागला. जुन्या सीड्या दोरीला टांगल्या. दोन दिवस खारी बिचकल्या, तिसऱ्या दिवशी एक त्याच दोरीवरून चालत गेली. दुकानदाराने चिकट पुठ्ठा पुढे केला. उंदरासाठी एकदा आणला होता, त्यावर चिकटलेल्या उंदराचं रात्रभरचं ओरडणं अजून कानात आहे, म्हणून नको म्हटलं. विषाचं तर नावच नको. अंगणात मांजरं येतात, शेजारची लहान मुलं येतात.

मग आमच्या ह्यांनी दिराच्या धान्याच्या दुकानातून उंदरांचा पिंजरा आणला. अम्मींचा विरोध होता. त्या रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत मूठभर बाजरी टाकतात, चिमण्यांसाठी म्हणून, आणि खाते कोण ते सगळ्यांना ठाऊक. "उसको क्या मालूम वायर तेरी है बोलके," त्या म्हणाल्या. कुणी झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका होतो, ही हदीस त्यांची फार आवडती. मी म्हटलं, अम्मी, त्यात झाडाचं आहे, केबलचं काही नाही. त्या हसल्या नाहीत.

पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवले. सोलापूरच्या खारीला दुसरं काय ठेवणार? पहाटे ठेवला आणि सातच्या आत खटका पडला. बेत असा होता की तिला हिप्परगा तलावाकडे नेऊन सोडायचं. पण माझी शाळा साडेसातची, हे कामावर निघालेले, अम्मी गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. म्हटलं, दुपारी आल्यावर बघू. पिंजरा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि रिक्षा पकडली.

मधल्या सुट्टीत फोन उघडला तर कॉलनीच्या ग्रुपवर आमच्या भिंतीचा फोटो. पिंजरा, त्यात खार. खाली एका गृहस्थांचा प्रश्न, "टीचरांकडे खार कशासाठी पकडली असेल बरं?" आणि पुढे हसणारे तीन चेहरे.

साठ घरांच्या कॉलनीत आमच्यासारखी सात घरं. तो प्रश्न काय विचारतोय हे त्या ग्रुपवर प्रत्येकाला कळलं. उत्तर कुणी दिलं नाही, त्यांना "असं लिहू नका" असंही कुणी म्हटलं नाही. मी स्टाफरूममध्ये चहाचा कप धरून चार वेळा उत्तर टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. खुलासा करावा तर आपण आरोप मान्य केल्यासारखं होतं. गप्प बसावं तर त्या हसण्यावर शिक्का. अकरा वर्षं त्यांच्या घरच्या दिवाळीच्या फराळाचं ताट आमच्याकडे येतं, आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. त्यांच्या मुलाला दहावीच्या मराठीसाठी मी दोन महिने बसवून शिकवलं होतं.

पाचव्यांदा फोन हातात घेतला तेव्हा ग्रुपवर कडुलिंबवाल्या काकूंची ओळ आली होती. "पिंजरा मी लावायला सांगितला. माझ्याही वायरी तोडल्यात. काही अडचण?"

काकूंच्या घरात इंटरनेटच नाही. साध्या फोनवरून मुलाच्या जुन्या फोनवर येऊन त्यांना वर्ष झालं नव्हतं. त्यानंतर ग्रुपवर थेट पाणी कधी येणार याची चौकशी सुरू झाली.

दीड वाजता मी घरी आले तर पिंजरा भिंतीवरून खाली, कडुलिंबाच्या सावलीत. वर ओलं पोतं, आत पाण्याची छोटी वाटी. काकू पायरीवर बसलेल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. "उन्हात ठेवून गेलात की ओ टीचर. नऊ वाजता मी बघितलं तर धापा टाकत होती. पाणी तरी ठेवायचं."

मला उत्तर सुचलं नाही. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, तिला खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन आपलं आपण शोधून खायलाही सोडलं नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली, ही हदीस मी किती वर्षं मुलांना सांगते आहे. फेब्रुवारी अखेरचं सोलापूरचं ऊन मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळपासून मी माझ्या अपमानाचा विचार करत होते. पिंजऱ्यातल्या जीवाचा विचार दीड वाजेपर्यंत एकदाही आला नव्हता. त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे आणि तो रास्त आहे. पण त्या रागाने माझी ही चूक झाकली जात नाही.

हिप्परग्याला न्यायचं त्राण उरलं नव्हतं. तिथेच पिंजऱ्याचं दार उचललं. खार क्षणभर बसून राहिली, मग सुटली ती भिंतीवरून, खिडकीच्या छज्ज्यावरून थेट आमच्या स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात. काकू आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. आतून बारीक चिवचिव येत होती. स्टुलावर चढून टॉर्च मारला तर पंख्याच्या मागच्या पोकळीत काथ्या-कापसाचा गोळा आणि त्यात तीन पिल्लं. डोळे मिटलेली, अंगावर धड केसही नाहीत.

ती हिप्परग्याला गेली असती तर रमजानच्या तोंडावर आमच्या भिंतीत तीन पिल्लं उपाशी मेली असती आणि वास आल्यावर आम्हाला कळलं असतं.

रात्री कायदाही पाहिला, कारण त्या फोटोनंतर मनात भीती होतीच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांचं एक वेगळं परिशिष्ट होतं. त्यात उंदीर होता, कावळा होता, फळं खाणारं वटवाघूळ होतं. खार नव्हती. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. म्हणजे लोकांच्या मनातला ताई आणि उंदीर हा भेद कायद्यातही होताच.

आता प्रश्न पंख्याचा. पिल्लं बाहेर फिरायला लागेपर्यंत दोन महिने तरी जातात. आणि रमजान आठ दिवसांवर. पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली, वर उर्दू आणि मराठीत लिहिलं, "हात लावू नये." इफ्तारीच्या आधीचा एक तास भजी आणि समोशांचा धूर घरभर. हे रोज रोजा सोडताना डोळे पुसायचे आणि म्हणायचे, लोकांना वाटेल मी रडतोय. तराविहला जाताना त्यांच्या कुर्त्याला तळणाचा वास. अम्मी मात्र खूश होत्या. मी तक्रार केली की म्हणायच्या, "हौ, महिनाभर का सवाब है."

बी.एड.ला आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती. एकाच बाकावरची मुलं रोज दंगा करत असतील तर आधी बाक कुठे आहे ते बघा. मी मुलांच्या बाबतीत ते पाळते, घराच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं. त्या महिनाभरात सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर खुर्ची टाकून बसले आणि नुसतं पाहिलं. खारी कुठून चढतात, कुठे थांबतात, काय नेतात. रात्री त्या झोपलेल्या असतात, सगळा कारभार दिवसाउजेडी, त्यामुळे दोन रविवारांत पूर्ण नकाशा मिळाला. कडुलिंबाची फांदी हा रस्ता, खिडकीतली बाजरी हे जेवण, पंख्याचं भोक हे घर, आणि वायर नेमकी या तिघांच्या मधल्या वाटेवर. तिचा काय दोष?

ईदनंतर दोन आठवड्यांनी पिल्लं छज्ज्यावर पळापळी करू लागली. तरी घाई केली नाही. भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबला. पहिल्या दिवशी तो खाली पडलेला, दुसऱ्या दिवशीही. मग सलग तीन दिवस बोळा जागचा हलला नाही, तेव्हा आत कुणी नाही हे पक्कं झालं. घरटं काढलं. काथ्या, गोधडीतला कापूस, काकूंच्या देवघरातल्या फुलवाती, आणि अम्मींच्या जानमाजची हिरवी झालर, जी कोण कापून नेतं म्हणून अम्मी माझ्या मुलीवर संशय घेत होत्या. यात मी काही अर्थ शोधायला जात नाही. खारीला मऊ काहीतरी हवं होतं. काकूंनी वाती ओळखल्या आणि खूप हसल्या.

भोकावर बाहेरून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी ठोकून घेतली. प्लास्टिकची नको, ती एका दुपारचं काम. केबल लोखंडी पाइपातून नेली. महापालिकेची परवानगी काढून काकूंनी कडुलिंबाच्या त्या दोन फांद्या छाटून घेतल्या. गच्ची आणि झाड यांत आता सात-आठ फुटांचं अंतर आहे. डाळिंबांना जुन्या मलमलच्या ओढणीच्या पिशव्या बांधल्या, वरची चार तशीच ठेवली. शेवयांच्या खाटेवर मच्छरदाणी, कडेने विटा. सगळ्यात अवघड गेलं ते अम्मींची बाजरी हलवणं. खिडकीतून ती आता अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या बुंध्याशी गेली आहे, आणि तिथे नेऊन टाकायचं काम रोज सकाळी माझ्याकडे. खारी गेल्या नाहीत. गेल्या तर त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या असत्या. घरात येत नाहीत एवढंच.

मे महिन्यात ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचा मला वेगळा मेसेज आला. त्यांच्या गाडीच्या बॉनेटखालची वायर कुरतडली होती. "मॅडम, तुमचा तो पिंजरा दोन दिवस मिळेल का?"

मी थोडा वेळ फोन तसाच धरून बसले. मग लिहिलं, "पिंजरा दिराकडे परत गेला. जाळी बसवणाऱ्याचा नंबर पाठवते. आधी आत पिल्लं आहेत का ते मात्र बघून घ्या."