दहाचं नाणं

मावशीचा फोन. "तुझा तो जुना कॅमेरा पडूनच असतो ना? मग मला दे. नाहीतर मी तो छोटा झूमवाला घेते, चाळीसपटवाला. तूच सांग कुठला."

निवृत्त झाल्यापासून ती पक्षी बघायला जाते. आधी दुर्बीण झाली, मग वही झाली, आता कॅमेरा हवाय. मी म्हटलं, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांतली आणि नंतरची ही टिपणं.

*

उमेदवार पहिला: निकॉन डी९०. ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला, व्हिडिओ घेऊ शकणारा जगातला पहिला डीएसएलआर. १२.३ मेगापिक्सेल. मी सेकंडहँड घेतला होता. सोबत १८-१०५ची किट लेन्स, एक ५० मिमी आणि एक ७०-३००.

उमेदवार दुसरा: कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस. २०१८ सालचा. २० मेगापिक्सेल, ४० पट झूम, फोर-के व्हिडिओ. एका मित्राने उसना दिला आहे, "पण परत दे" असं तीनदा बजावून.

दोघांत दहा वर्षांचं अंतर. कागदावर बघितलं तर सामना सुरू व्हायच्या आधीच संपलेला.

*

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. छोटा बॅटरी-कार्डासकट ३०० ग्रॅम, म्हणजे मावशीच्या पर्समधल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा हलका. डी९० बॅटरीसह ७०० ग्रॅम, त्यावर ७०-३०० लावली की आणखी पाऊण किलो. जवळजवळ दीड किलो होतं. मावशीचा उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला होता, अजून पुरता सुटलेला नाही. हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या हिशेबात विसरेन.

*

"चाळीसपट" म्हणजे काय, हे मावशीला समजावताना मलाच नीट समजलं. लेन्सचं सर्वांत लांब टोक भागिले सर्वांत आखूड टोक, एवढंच. या छोट्याची लेन्स खरं तर ४.३ ते १७२ मिमी. भागाकार ४०. माझी ७०-३०० फक्त सव्वाचारपट. ५० मिमीला तर पटच नाही. म्हणजे "पट" हा आकडा किती लांबचं दिसतं हे सांगत नाही, दोन टोकांमध्ये किती ताणाताण आहे तेवढं सांगतो.

"मग खोक्यावर तोच एवढा मोठा का लिहितात?" मावशी.

कारण तोच सगळ्यांत मोठा दिसतो.

*

सेन्सरच्या मापाची गंमत. छोट्यातला सेन्सर "१/२.३ इंची". इंचाला २.३ ने भागलं की ११ मिमी येतात. पण सेन्सरचा कर्ण मोजला तर पावणेआठ. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आलं. तेव्हा नळीचा बाहेरचा व्यास सांगायचे, चित्र पडायचं ते आतल्या लहान भागावर. नळ्या गेल्या, माप राहिलं.

खरं माप ६.२ गुणिले ४.६ मिमी, तुरीच्या दाण्याएवढं. डी९०चा सेन्सर २३.६ गुणिले १५.८, पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळात तेरापट. हा "पट" मात्र खोक्यावर कुणी छापत नाही.

*

नाण्याची युक्ती सुचली ती रात्री अकरा वाजता, पाकीट शोधताना.

लेन्सच्या समोरून आत बघितलं की प्रकाश शिरायचं एक गोल भोक दिसतं. त्याचा व्यास काढणं सोपं आहे: फोकल लांबी भागिले एफ-आकडा. छोटा पूर्ण झूमवर १७२ मिमी, एफ/६.९. उत्तर २५ मिमी. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. म्हणजे नाण्याहून जरा लहान भोक.

७०-३०० पूर्ण ताणून: ३०० भागिले ५.६, साधारण ५४ मिमी. दहाची दोन नाणी शेजारी शेजारी.

दूरच्या एकाच पक्ष्याकडून येणारा प्रकाश किती गोळा होणार, ते या भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं. दुपटीहून थोडा जास्त व्यास, म्हणजे साडेचार पटींहून जास्त प्रकाश. मेगापिक्सेल नंतर येतात. आधी भोक.

सगळ्या लेन्सांना नाणं लावून पाहिलं. ५० मिमी एफ/१.८: २८ मिमी, बरोबर एक नाणं. किट लेन्स १०५ वर, एफ/५.६: १९ मिमी, छोट्यापेक्षाही कमी. म्हणजे नुसती किट लेन्स लावलेला डीएसएलआर पक्ष्यांसाठी छोट्यापुढे हरतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

*

याच हिशेबाचं उलटं टोक. छोटा वाइडवर: ४.३ भागिले ३.३. सव्वा मिलिमीटरच्या आसपास. मोहरीचा दाणा.

*

पाहुणा म्हणून तिसऱ्याचा हिशेब. २०१५चा निकॉन पी९००: ८३ पट, २००० मिमीच्या बरोबरीचा झूम. चंद्रावरची विवरं दाखवणारे त्याचे व्हिडिओ घरोघर फिरले. खरी फोकल लांबी ३५७ मिमी, भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. दोन नाणी! पण वजन ९०० ग्रॅम. नाणी वाढली की काच वाढते आणि काच वाढली की खांदा दुखतो. यातून पळवाट कुणाला सापडलेली नाही.

*

मावशी: "पण छोट्यात वीस मेगापिक्सेल आहेत. तुझ्यात बारा."

आहेत. पण लहान भोकातून गेलेला प्रकाश थोडा पसरतो. एफ/६.९ ला प्रत्येक बिंदूची नऊ-सव्वानऊ मायक्रॉनची टिकली होते. या सेन्सरवरचा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनचा. म्हणजे एकेका टिकलीखाली आडवे सात-आठ पिक्सेल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसतात. सात कारकून आणि फाइल एक.

डी९०चा पिक्सेल साडेपाच मायक्रॉनचा. एफ/५.६ ला त्याची टिकली दीडेक पिक्सेलमध्ये मावते.

*

भिगवण. उजनीचं पाणी, पहाटेची थंडी, कुंभारगावच्या काठावर नाव. नावाडी काठीने ढकलतो आणि बोलतो हळू.

सव्वासहाला राखाडी उजेडात रोहित पक्ष्यांची रांग. डी९०ला ७०-३००, आयएसओ १६००. फोटो खरखरीत आला, पण गुलाबी तो गुलाबीच राहिला. छोट्याने त्याच क्षणी आयएसओ ३२०० गाठला, आणि तीच त्याची हद्द. रांग दिसते, पण पिसांची जणू भाकरी थापली आहे.

साडेनऊला ऊन वर आलं आणि बाजू उलटली. लांबच्या बेटावरचे पट्टकदंब छोट्याने असे जवळ आणले की डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता आले. मी ७०-३०० ताणून त्याच्या आसपास पोचलो, पण तोवर माझं मनगट बोलायला लागलं होतं.

*

भर उन्हात छोट्याची पाठ नुसती चकाकते. त्याला डोळा लावायची खिडकीच नाही. मावशीने ओढणी डोक्यावरून कॅमेऱ्यावर घेतली आणि आत शिरून फोटो काढला. जुन्या स्टुडिओतले काळ्या कापडाखालचे फोटोग्राफर आठवले. नावाडी हसला. मावशी आतूनच म्हणाली, "हसू नका, नाव हलते."

*

कवड्या खंड्या हवेत एका जागी थरथरत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. तो क्षण डी९०ने पकडला. डोळा खिडकीला, आरशातून थेट दृश्य, बटण दाबलं की खट्.

छोट्याचा पूर्ण झूम म्हणजे जेमतेम दोन अंशांचं जग. पन्नास मीटरवर दोन मीटरसुद्धा रुंदी मिळत नाही. खंड्या त्यात यायच्या आधीच निघून जातो. त्यावर एक बटण दिलंय: दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत पुढे. बसलेल्या बगळ्यासाठी उत्तम. खंड्याला तेवढा वेळ नसतो.

*

सिंहगडाच्या पायथ्याची दरी. झाडीतल्या पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक. पांढऱ्या फितीसारखी शेपूट सावलीतून गेली. छोटा फोकससाठी पुढेमागे करत राहिला, भुकेल्या बाळासारखा. डी९०ने दोनदा चुकून तिसऱ्यांदा धरलं. सावलीतले पक्षी हे नाण्यांचं काम आहे.

*

मावसबहिणीच्या मुलीचं बारसं. संध्याकाळ, ट्यूबलाइट, पाळण्याभोवती बायकांची गर्दी. डी९०ला ५० मिमी. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या ओठांवर फोकस, मागची तोरणं विरघळलेली. त्या दिवसाचा सगळ्यांना आवडलेला फोटो हाच.

छोट्याने फ्लॅश मारला आणि बाळ रडलं.

*

हीच ५० मिमी डी९० का घेतो, त्याची नोंद. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्सना स्वतःची मोटर नसते, बॉडीतला स्क्रू त्यांना फिरवतो. डी९०मध्ये तो स्क्रू आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या स्वस्त बॉड्यांमध्ये नाही. तिथे ही लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. सेकंडहँड घेणाऱ्याने आधी हे विचारावं. कॅननमध्ये हा प्रश्न नाही: १९८७ला ईएफ माउंट आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच.

*

फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर. मिररलेसकडे गेलेल्यांच्या डीएसएलआर बॉड्या काचेत रांगेने बसलेल्या. निकॉनचा डी६ आणि कॅननचा ८५०डी जाहीर झाले २०२०च्या फेब्रुवारीत, त्यानंतर दोघांकडून नवा डीएसएलआर नाही. म्हणून काच स्वस्त झाली. आरसेवाल्यांचं राज्य गेलं की त्यांची भांडी बाजारात येतातच.

घेताना बघायचं ते असं. शटर किती वेळा पडलंय (डी९०चं शटर एक लाखासाठी तपासलेलं असतं). लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, भाव कितीही कमी असो, नको. रबर सुटलंय का. बॅटरी फुगली आहे का.

*

बुरशी हा आपल्याकडचा खरा शत्रू. पावसाळ्यात कातडी बॅगेत ठेवलेली लेन्स गणपतीपर्यंत टिकत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. मावशी म्हणाली, "म्हणजे पापडासारखंच." अगदी तसंच.

*

छोट्याची बाजू दुखरीही आहे. माझ्याकडे पूर्वी असाच एक झूमवाला होता, कंपनी कुठली ते जाऊ दे. गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूचा एक कण नळीत गेला. लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली, ना आत ना बाहेर. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे, जीभ बाहेर काढून.

डीएसएलआरची लेन्स बिघडली तर लेन्स जाते. छोट्याची लेन्स बिघडली तर कॅमेराच जातो.

*

भिगवणची दुसरी फेरी. या वेळी ७०-३०० घरी ठेवली. खांदा दुखत होता. माझा, मावशीचा नाही.

दूरच्या मासेमारीच्या खांबावर एक कुरव. थंडीत इथे दोन जाती येतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. आणि हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा रंग उतरलेला असतो, म्हणजे नावाचा काही उपयोग नाही. फरक डोळ्यात. मोठ्या वयाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका, काळ्या डोक्याच्याचा गडद.

मी किट लेन्सने खांब, पाणी, धुकं आणि त्यावर एक पांढरा ठिपका असा छान फोटो काढला. मावशी ओढणीखाली गेली, बराच वेळ बाहेरच आली नाही. मग स्क्रीन माझ्यापुढे धरला. फोटो मऊ होता, कडा विरलेल्या, पाण्यावर रंगाचे किडे. डोळा फिका होता.

"तुला फोटो हवा असतो," ती म्हणाली. "मला नाव हवं असतं."

दोन महिने मी भोकं मोजत होतो. हा प्रश्न पहिल्या दिवशी तिला विचारायला हवा होता.

*

मावशीने छोटा घेतला. दुकानात मीही होतो. काउंटरवरचा मुलगा चाळीसपट, फोर-के, वाय-फाय असं घडाघडा सांगत होता. मावशीने पर्समधून दहाचं नाणं काढलं, झूम पूर्ण बाहेर काढायला सांगितला आणि नाणं लेन्ससमोर धरलं. मुलाला काही कळेना.

"नाण्याहून लहानच आहे," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "चालेल. दुपारी बघू पक्षी."

*

डी९० परत कपाटात नाही, टेबलावर आहे. ५० मिमी लावून. बारशातल्या बाळाला आता बसता येतं.

*

सकाळी मावशीचा मेसेज. धूसर फोटो, तारेवर काहीतरी तपकिरी. खाली तिची नोंद: पोटावर रेघा आहेत, वहीत क्रमांक एकशे बारा. त्याखाली: "नाणं बॅगेतच ठेवलंय. तुला भेटले की मोजायला."